प्रयोगवहीतला सात

सामू मोजण्याच्या प्रयोगाचा तक्ता शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. डावीकडे नमुन्यांची नावे: विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, विरल सोडियम हायड्रॉक्साईड, विरल ॲसेटिक आम्ल, लिंबाचा रस, पाणी, खाण्याच्या सोड्याचे द्रावण. मधल्या रकान्यात सामू-कागदाचा रंग आणि उजवीकडे सामू. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या प्रात्यक्षिकात हेच सहा नमुने येतात आणि राज्य मंडळाच्या शाळांतही थोड्याफार फरकाने हाच प्रयोग होतो. या तक्त्यातल्या एकाच ओळीविषयी आज लिहायचे आहे. ती ओळ पाण्याची.

पाण्यासमोर सात लिहिलेले असते. आमच्या पाहण्यात आलेल्या वह्यांपैकी एकीतही दुसरा आकडा नव्हता. मुलींच्या वहीत सात, मुलांच्या वहीत सात, ज्या वर्गात कागदाचे पुस्तक दमट होऊन पाने एकमेकांना चिकटली होती तिथेही सातच. प्रत्यक्ष मोजमापात इतके एकमत सहसा आढळत नाही, म्हणून आम्हाला शंका आली.

मागे शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हा प्रयोग करायला दिला. पाणी ऊर्ध्वपातित होते, सकाळीच मोठ्या चंचुपात्रात ओतून झाकण न लावता ठेवलेले. कागद नवा होता. मंडळी कागद बुडवत, रंगपट्टीशी ताडून पाहत आणि क्षणभर थांबत. पुन्हा नवा कागद घेत. मग शेजारच्याच्या वहीत डोकावत आणि सात लिहीत. कागदाचा रंग सहाच्या रंगाशी जुळत होता, काहींना तर तो पाच आणि सहाच्या मधला वाटला. एका बाईंनी मात्र सहा लिहिले, खोडले, सात लिहिले आणि आमच्याकडे पाहून हसल्या. "आला सहाच हो, पण पाण्याचा सात असतो ना!"

बाईंचा दोष नव्हता, कागदाचाही नव्हता आणि पाण्याचा तर मुळीच नव्हता. उघड्यावर ठेवलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याचा सामू सात नसतोच. हवेतला कार्बन डायऑक्साईड पाण्यात विरघळतो, त्यातल्या थोड्याशा भागाचे कार्बोनिक आम्ल बनते आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटतात. हवेत आज या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत ४२० हून अधिक आहे. तेवढ्या हवेशी समतोल झालेल्या शुद्ध पाण्याचा सामू हिशेबाने ५.६ च्या आसपास येतो. म्हणजे सहा लिहिणाऱ्या बाई बरोबर होत्या आणि खोडल्यावर चुकल्या.

मौज अशी की ५.६ हा आकडा पाठ्यपुस्तकातच छापलेला असतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे डिसेंबर २००६ मध्ये पहिल्यांदा निघालेले दहावीचे विज्ञान उघडा. पावसाच्या पाण्याचा सामू ५.६ पेक्षा कमी झाला तर त्याला आम्लपर्जन्य म्हणतात, असे त्यात सांगितले आहे. शुद्ध पाणी उदासीन आणि त्याचा सामू सात हेही त्याच प्रकरणात आहे. मग साडेसहा सामूच्या पावसाला आम्लपर्जन्य का म्हणायचे नाही? सात आणि ५.६ यांच्या मधल्या जागेत काय आहे? हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. दोन्ही आकडे पाठ करून मुले पुढच्या प्रकरणाकडे जातात. उत्तर तर समोरच्या चंचुपात्रात असते. कसलेही प्रदूषण नसलेला पाऊससुद्धा हवेतून येताना तेच आम्ल घेऊन येतो, म्हणून आम्लपर्जन्याची रेघ सातवर न ओढता ५.६ वर ओढली आहे. प्रयोगवहीतला सहा तसाच राहू दिला असता तर वर्गाला पावसाचे कोडे आपोआप सुटले असते.

नळाचे किंवा विहिरीचे पाणी घेतले तरी सात येईलच असे नाही. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी बहुधा जड असते, त्यात बायकार्बोनेटे असतात आणि त्याचा सामू साडेसात-आठपर्यंत सहज जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाला हे ठाऊक आहे. त्यात सामूची मर्यादा ६.५ ते ८.५ अशी दिली आहे, सात अशी नाही. पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्याला दोन अंकांची मोकळीक आणि नववी-दहावीच्या मुलाला एका रंगाचीही नाही!

मग सात खोटा आहे काय? नाही. अत्यंत शुद्ध पाणी, हवेपासून दूर, २५ अंश सेल्सिअस तापमानाला असेल तर त्याचा सामू सात. या तीन अटींपैकी एकही आपल्या प्रयोगशाळेत पाळली जात नाही. तापमानाचीच गोष्ट घ्या. पाणी तापले की त्याचे आयनांत विघटन वाढते, हायड्रोजन आयन वाढतात आणि हायड्रॉक्सिल आयनही तितकेच वाढतात. पाणी उदासीनच राहते, पण त्याचा सामू उतरतो. ४० अंशांना तो सुमारे ६.८ आणि ६० अंशांना सुमारे ६.५ असतो. विदर्भातल्या मे महिन्यात पंखा नसलेल्या खोलीत उदासीनतेचा आकडा सात नसतोच. उदासीन म्हणजे दोन्ही आयन समसमान, सात म्हणजे उदासीन नव्हे, हे वाक्य पुस्तकात कुठेतरी यायला हवे होते.

आता प्रामाणिकपणे कबूल करायला हवे की ज्या पुस्तकाचे नाव आम्ही घेतले त्याचा हा पाठ वाईट नाही. हळद, लाल कोबी यांच्या पाठोपाठ कांदा आणि व्हॅनिला यांचा वास दर्शक म्हणून वापरायला तो सांगतो, आणि मुलांना ते फार आवडते. जेवणापूर्वीची आणि जेवणानंतरची लाळ, नळाचे पाणी, गाजराचा रस यांचा सामू मोजायला सांगतो. परिसरातल्या मातीचा सामू पाहायला लावतो. यातला लाळेचा प्रयोग आम्हाला सर्वांत चांगला वाटतो. आमची तक्रार आहे ती सामूची ओळख ज्या रीतीने करून दिली जाते तिच्याविषयी. तिथे मुलांना सांगितले जाते की सामू म्हणजे द्रावण आम्लधर्मी की आम्लारिधर्मी हे दाखवणारा नुसता एक आकडा समजा. शून्य ते चौदा अशी पट्टी, मधे सात, डावीकडे लाल, उजवीकडे जांभळा. सारे गणित या 'नुसत्या' शब्दामागे दडवले जाते.

हेतू चांगला असेल. लॉगरिदम मुलांना येत नाही, त्याचा बाऊ नको, असे लेखकांना वाटले असेल. पण इथे लॉगरिदमची गरज नाही, घातांक पुरतात, आणि घातांक तर मुले सातवी-आठवीत शिकतात. एक लिटर शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयन एक मोलच्या एक कोटीव्या भागाइतके असतात. म्हणजे दहाचा उणे सातवा घात. त्यातले उणे चिन्ह टाकून दिले की उरतो सात. डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी १९०९ साली केले ते एवढेच. कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग या मद्यनिर्मिती कंपनीच्या प्रयोगशाळेत ते विकरांवर काम करत होते. विकरांचे काम आम्लतेच्या अगदी थोड्या फरकानेही बिघडते आणि दर वेळी दशांश चिन्हापुढे सहा-सहा शून्ये लिहिणे गैरसोयीचे होते. सोय म्हणून आलेला हा आकडा आपल्या वर्गात कोड्यासारखा शिकवला जातो. (इंग्रजी नावातला 'पी' म्हणजे जर्मन भाषेतला घात या अर्थाचा शब्द, असे पुस्तके ठामपणे सांगतात. खुद्द सोरेन्सननी तसे कुठे स्पष्ट लिहिलेले नाही, आणि विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक त्यावर अजून वाद घालतात. परीक्षेत या 'पी'ला एक गुण असतो, म्हणून सांगितले.)

घात लपवल्याचा परिणाम असा होतो की सामू चार आणि सामू पाच यांत मुलांना एका पायरीचा फरक दिसतो. तो दहापट असतो हे त्यांना शब्दांत माहीत असले तरी हाताला माहीत नसते. हाताला माहीत व्हायला दहा परीक्षानळ्या आणि सुई काढलेली दहा मिलीची एक सिरिंज पुरते. शिक्षकांनी स्वतः आठ-साडेआठ मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात ओतून (आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नव्हे) एक लिटर द्रावण करावे. त्याचा सामू एक. हे दहा मिली पहिल्या नळीत घ्या. त्यातले एक मिली दुसऱ्या नळीत घेऊन नऊ मिली ऊर्ध्वपातित पाणी घाला. दुसरीतले एक मिली तिसरीत, तिसरीतले चौथीत, असे शेवटपर्यंत जा. प्रत्येक नळीत वैश्विक दर्शकाचे सारखे थेंब टाका. लाल, नारिंगी, पिवळसर असे रंग उतरत जातात आणि दर वेळी एक मिलीचे दहा झाल्याचे मुलांनी स्वतः पाहिलेले असते. पाचव्या-सहाव्या नळीनंतर मात्र रंग बदलायचा थांबतो.

आठव्या नळीत काय होईल, हे आधी विचारून घ्यावे. वर्गातली हुशार मुले हटकून सांगतात की सामू आठ होईल. नियमच तसा शिकवला आहे ना! मग आम्ल पातळ करत गेले तर त्याचे आम्लारी होते का? इथे वर्गात जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते. आठव्या, नवव्या, दहाव्या नळीचा रंग एकच, आणि तो नुसत्या पाण्याच्या नळीच्या रंगाशी जुळतो. शेवटच्या नळ्यांत आम्ल नावापुरते उरले आहे, आयन पुरवते आहे ते पाणी आणि त्यात विरघळलेली हवा. पाण्याची ओळ पुन्हा समोर येते आणि या वेळी तिला खोडणारे कोणी नसते.

मागच्या बाजूलाही पट्टी शून्यावर संपत नाही. प्रयोगशाळेतल्या बाटलीवर 'विरल' असे लिहिलेले हायड्रोक्लोरिक आम्ल पुष्कळदा लिटरला दोन मोल इतके तीव्र असते आणि त्याचा सामू शून्याच्याही खाली जातो. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन येथील खाणीत साठलेल्या पाण्याचा सामू उणे ३.६ मोजला गेला, त्याची नोंद २००० साली प्रसिद्ध झाली. शून्य आणि चौदा या नेहमी लागणाऱ्या पट्टीच्या खुणा आहेत, निसर्गाच्या भिंती नव्हेत.

दुसरी गफलत याहून खोल आहे. सामू कमी म्हणजे आम्ल जोरदार, असे मुले समजतात. द्रावण किती संहत आणि आम्ल किती तीव्र या दोन गोष्टी पाठात वेगवेगळ्या परिच्छेदांत येतात, पण त्या वेगळ्या असल्याचे दाखवणारा प्रयोग बहुधा नसतो. तो असा करता येईल. वरच्या मालिकेतली तिसरी नळी घ्या, तिचा सामू तीन. दुसरीकडे बाजारच्या व्हिनेगरचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग मिसळा, त्याचाही सामू तीनच्या आसपास येतो. कागद दोन्हींत सारखाच रंगतो, म्हणजे तक्त्यात दोघांसमोर एकच आकडा. आता दोन्हींतले दहा-दहा मिली घेऊन त्यांत फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका आणि चुन्याची ताजी निवळी थेंबाथेंबाने सोडा. पहिले पाच-सहा थेंबांत गुलाबी होते. दुसरे पंधरा-वीस मिली निवळी पिऊन टाकते. मुले आधी थेंब मोजतात, मग मोजायचे सोडून नळीकडे पाहत राहतात. ॲसेटिक आम्लाचे बहुतेक रेणू आयन न सोडता तसेच बसलेले असतात आणि मागणी आली की एकेक पुढे येतात. सामू सुटलेले आयन मोजतो, साठा मोजत नाही. हे समजावायला याहून चांगले साधन आम्हाला अजून मिळालेले नाही.

हाच धागा शेतापर्यंत जातो. खेड्यातल्या मुलाला सामू हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकाआधी घरी भेटतो, कारण माती परीक्षणाच्या अहवालात तो पहिल्या काही ओळींतच असतो. खालच्या वर्गांच्या पाठात मात्र मातीचे एवढेच येते की आम्लधर्मी जमिनीत चुना घालतात आणि आम्लारिधर्मी जमिनीत सेंद्रिय पदार्थ, म्हणजे एकाने दुसऱ्याचे उदासिनीकरण. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीला चुना हे ठीक आहे. पण चोपण जमिनीला, जिचा सामू साडेआठच्या वर जातो, शेतकरी जिप्सम घालतो. जिप्सम काही आम्ल नव्हे. मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमच्या जागी जिप्सममधले कॅल्शियम बसते आणि सोडियम पाण्याबरोबर वाहून जाते, म्हणून जमीन सुधारते. वडिलांना जिप्सम टाकताना पाहिलेल्या मुलाने वर्गात विचारले, "सर, हे कोणते आम्ल?" तर उत्तर काय द्यायचे याची सोय पाठात नाही. अहवालातला तो आकडासुद्धा एका भाग मातीत अडीच भाग पाणी कालवून मोजलेला असतो. पाण्याचे प्रमाण बदलले की आकडाही थोडा हलतो. मोजमापाला रीत असते हे शाळेच्या प्रयोगशाळेपेक्षा तालुक्याच्या माती परीक्षण केंद्रात मुलाला लवकर कळेल.

शब्दांचाही थोडा घोळ आहे. मराठी रसायनशास्त्रात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून होणारे मीठ. हिंदी पुस्तकात क्षार म्हणजे अल्कली आणि मिठाला लवण. आणि आपल्या स्वयंपाकघरातला पापडखार तर अल्कलीच! मुलांना हे एकदा स्पष्ट सांगून टाकावे, त्यात कमीपणा नाही.

काही गोष्टी निव्वळ पुस्तकातून पुस्तकात उतरत आल्या आहेत. टोमॅटोत ऑक्झॅलिक आम्ल, असे तक्त्यात असते. टोमॅटोची आंबट चव मुख्यतः सायट्रिक आणि मॅलिक आम्लांची, ऑक्झॅलिक त्यात अगदी थोडे. मधमाशीच्या दंशात आम्ल असते म्हणून खाण्याचा सोडा लावावा, हेही तसेच. माशीच्या विषात वेदना होते ती मुख्यतः प्रथिनासारख्या रेणूंमुळे, आणि ते कातडीखाली गेलेले असते. वरून लावलेला सोडा तिथे पोहोचत नाही. आम्ल-आम्लारीचा पाठ रोजच्या जीवनाशी जोडायचा म्हणून जिथे आम्ल नाही तिथेही त्याला बसवले आहे. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे उदाहरण दहा मधमाश्यांच्या तोडीचे आहे, आणि ते खरेही आहे.

उपकरणांविषयी थोडे. सामू-कागद तळाशी ओळख करून देतो, त्यापुढे त्याची मजल नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात आयन इतके थोडे असतात की कागदावरचा रंगच आपला सामू पाण्यावर लादतो. ही अडचण जुनी आहे. १९३४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय फळांच्या उद्योगातल्या एका रसायनतज्ज्ञाला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. रस टिकवायला घातलेल्या सल्फर डायऑक्साईडमुळे दर्शकांचे रंग विटत. त्याने आपल्या जुन्या मित्राला, आर्नल्ड बेकमन या रसायनाच्या प्राध्यापकाला विचारले आणि त्यातून काचेचा इलेक्ट्रोड आणि विद्युत्-वर्धक एकत्र असलेले सामूमापक तयार झाले. आपल्या तक्त्यात लिंबाचा रस आहेच, ही गोष्ट त्या ओळीपाशी सांगण्याजोगी आहे. आता लेखणीच्या आकाराचे सामूमापक काही शे रुपयांना मिळते आणि अनेक शाळांनी ते घेतलेही आहे. फक्त त्यासोबत येणाऱ्या बफरच्या पुड्या टाकून देऊ नका. माहीत असलेल्या द्रावणात आकडा जुळवून घेतल्याशिवाय ते यंत्र दोन दशांशांपर्यंत चुकीचे सांगते, आणि मुलांना दशांशांचा फार धाक असतो.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तेच पाणी दहा मिनिटे खळखळून उकळले, गरम असतानाच बाटलीत काठोकाठ भरून बूच लावले आणि निवू दिले. दर्शक म्हणून ब्रोमोथायमॉल ब्ल्यू घेतला, कारण त्याचा पिवळा ते निळा हा सारा प्रवास सहा ते साडेसात या पट्ट्यातच होतो. उघड्यावरचे पाणी पिवळे राहिले, बाटलीतले हिरवट झाले. मग एका गुरुजींनी नळीने हिरव्या पाण्यात फुंकर घातली आणि पाहता पाहता ते पिवळे झाले. सगळ्यांनी आळीपाळीने फुंकून पाहिले.

सहा लिहून खोडणाऱ्या बाई तिथेच होत्या. त्यांचा प्रश्न सरळ होता. "हे सगळे पटले, पण परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. मुलीने सहा लिहिले आणि त्यांनी गुण कापले तर?" आम्ही त्यांना म्हटले, मुलीला निरीक्षणाखाली दोन ओळी जास्त लिहायला सांगा, पाणी कोणते होते आणि किती वेळ उघडे होते. आणि परीक्षकांसमोर पुस्तक उघडून आम्लपर्जन्याचा तो परिच्छेद ठेवा. त्यांनी वही काढली आणि त्या पानाचा क्रमांक लिहून घेतला.